तीन हिसके

टार्पन स्प्रिंग्ज, फ्लोरिडा
२० फेब्रुवारी १९५३

ति. थेमेलिनाताईस,
साकेलारिसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सुक्या अंजिरांची पुडी दोन्ही पोचली. पुडी वाटेत कुणीतरी फोडली होती, आत सात अंजिरं उरली होती. सात अंजिरांसाठी तू समुद्रापार पुडी पाठवणार नाहीस, तेव्हा चोर वाटेतलाच आहे असं मी धरून चाललोय.

आता पुढचं बसून वाच. आमच्या धक्क्यावर सिनेमावाले आलेत. तीन ट्रक, दिवे, कॅमेरे, छत्र्या, आणि सगळ्यांवर ओरडणारा एक डायरेक्टर, त्याचं नाव मिस्टर हॉलिस. सिनेमा आपल्यावर आहे, म्हणजे स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांवर. समुद्राच्या तळाशी बुडालेलं जहाज, जहाजात सोनं, सोन्यावर राखण करणारा एक ऑक्टोपस, एक शूर पाणबुड्या, त्याचा एक दुष्ट भागीदार आणि एक मुलगी, जी काही काम नसताना सारखी बोटीवर असते. शूर पाणबुड्याचं काम करणारा नट देखणा आहे, पण धक्क्याला बांधलेल्या बोटीवरही त्याला उलट्या होतात. म्हणून त्याच्या जागी खाली उतरायला खरा पाणबुड्या हवा होता. आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून त्यांनी उंची मोजली. सेवास्तीमावशीचा पांतेलिस आदल्याच दिवशी बुटाला नवी टाच मारून आला होता, तो नटापेक्षा दोन बोटं उंच भरला आणि बाद झाला. निवड माझी झाली. आईला सांग, तुझा मुलगा सिनेमात आहे. चेहरा दिसणार नाही, तांब्याच्या टोपात असेल, पण आहे. मालकांनीही आनंदाने रजा दिली.

इथपर्यंत आईला मोठ्याने वाचून दाखव. पुढचं पान तुझ्यापुरतं.

ताई, चार वर्षं आपण दोघं आईला फसवतोय. मी पत्रात मालक लिहितो, तू मालक वाचतेस, आणि आपल्या दोघांनाच ठाऊक की मालक म्हणजे नोमिकोसकाका. आईच्या लेखी हा माणूस एकोणीस वर्षांपूर्वीच मेला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्पंज काढताना बाबा वारले तेव्हा त्यांचा दोर काकांच्या हातात होता. बाबांनी खालून तीन हिसके दिले, मला ओढा म्हणून, आणि काका दोर पायाखाली दाबून सिगारेट फुंकत बसले, असं कुणीतरी बोटीवरून उतरून सांगितलं आणि सगळ्या गावाने ते धरून ठेवलं. काकांनी त्यावर हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, सरळ अमेरिका गाठली.

आता त्यांचं वय पंचावन्न, पण गुडघे सत्तरीचे झालेत. पुढच्या वर्षी ईस्टरला गावी यायचं म्हणतात. मागणं एकच आहे. आपल्या घरात बाबांच्या तसबिरीपुढे एकदा दिवा लावायचा, आणि वहिनीने उंबऱ्यावरून हाकलू नये. हाकललं तर काय, असं मी विचारलं. म्हणाले, तर बंदरावरूनच परत फिरेन, तिला त्रास नको. ताई, तू आईपाशी हळूच विषय काढ. हे काम माझ्याने इथून होणार नाही.

दाजींना नमस्कार, भाच्यांना पापे. माया आहेच, पण अंजिरं पुढच्या वेळी डब्यात घालून पाठव.

तुझा
साकेलारिस

*

पोथिया, कालिम्नोस, ग्रीस
१४ मार्च १९५३

चि. साकेलारिस यास,
थेमेलिनाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुपारी आलं आणि संध्याकाळपर्यंत मी ते पाच वेळा वाचून दाखवलं. एकदा आईला, एकदा शेजारी, एकदा तुझ्या दाजींच्या भट्टीवर पावाच्या रांगेत, आणि दोनदा पुन्हा आईला. सेवास्तीमावशीने टाचेचा मजकूर ऐकला आणि म्हणाली, आमच्या पांतेलिसचं पत्र वेगळंच सांगतं. काय सांगतं ते सांगितलं नाही, पण हसली. मला त्या हसण्याची काळजी वाटते.

दुसऱ्या पानाचं काम मी केलं. आई कणीक मळत होती. मी म्हटलं, काही माणसं परदेशी एकटी म्हातारी होतात, वाईट वाटतं. आई म्हणाली, मीठ कमी आहे. मी म्हटलं, नोमिकोसकाका पण आता पंचावन्नचे असतील. आईने हात धुतले, दारामागे टांगलेला ऑक्टोपस काढला आणि खडकावर जाऊन आपटत बसली. नेहमी चाळीस वेळा आपटते. त्या दिवशी मी शंभरपर्यंत मोजलं आणि मग सोडून दिलं. रात्री जेवताना तो इतका मऊ होता की पोरांनी चमच्याने खाल्ला. तेव्हा विषय काढला, एवढंच म्हणता येईल.

आता आई सांगते तसं लिहिते. टोपाचे स्क्रू दुसऱ्याने लावले तरी स्वतः हात फिरवून बघ. लोकरीचे मोजे दोन जोड घाल. ती मुलगी सारखी बोटीवर असते, तिला आईबाप नाहीत का, आणि तू तिच्याशी बोलतोस का? ऑक्टोपस मारल्यावर त्यांनी तो शिजवला का टाकून दिला? आणि तुझ्या मालकाला सांग, पोरगा पाण्याखाली असताना सिनेमाच्या नादात घड्याळावरची नजर हलवू नकोस म्हणावं.

हे शेवटचं ऐकून माझ्या हातातून टाक सुटला. पण आई तोवर उठून गेली होती.

सगळे खुशाल आहेत. तुझ्यावर लोभ आहे, तो टिकवणं तुझ्या मोज्यांवर अवलंबून आहे.

थेमेलिना

*

टार्पन स्प्रिंग्ज
१० एप्रिल १९५३

ति. ताईस सा. न.

ख्रिस्त उठला. ईस्टर इथेही जोरात झाला. लाल अंडी एकमेकांवर आपटून फोडायच्या खेळात मी सगळ्यांना हरवलं, पांतेलिसने माझं अंडं लाकडाचं आहे असा आरोप केला.

आईला सांग, ऑक्टोपस आला आणि तो शिजणार नाही. रबराचा आहे. ट्रकातून उतरवला तेव्हा अख्खा धक्का कामं टाकून जमला. त्याच्या पायांना तारा बांधल्यात आणि त्या ओढायला सहा माणसं, त्यामुळे दोन पाय कायम आळशी. पाण्यात सोडला तर बुडेना. पोटात शिसं भरलं तर वर येईना. कॅफेवाली इरिनीमावशी म्हणाली, आधी खडकावर आपटा, म्हणजे ऐकेल. शेवटी एकदाचा तो तळाशी बसला आणि मी दोन तास त्याच्याशी झुंजलो. खरं म्हणजे त्याचे पाय मीच माझ्याभोवती गुंडाळत होतो आणि मीच सुटायची धडपड करत होतो. पण काय मजा आली म्हणून सांगू. काचेच्या पेटीत बसलेला कॅमेरावाला, वरून येणारा उजेड, माझ्या बुडबुड्यांचा आवाज, आणि हातात सोन्याची म्हणून दिलेली पितळी पेटी. दहा वर्षं मी या कामात आहे, आज पहिल्यांदा वाटलं की आपण जे करतो ते बघायलासुद्धा कुणी पैसे देईल. वर आलो तर सगळे टाळ्या वाजवत होते. मुलीशी मी बोललो नाही. तीच बोलली, पण थोडंसंच.

आता हे तुझ्यापुरतं.

दुष्ट भागीदाराचं काम करणाऱ्या नटाचे हात फार मऊ आहेत. जवळून हात दिसायचे तिथे खरे हात हवे होते, म्हणून मिस्टर हॉलिसने काकांना बोलावलं. दोर धरायचा एवढंच त्यांना सांगितलं. काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. मलाही रोज सकाळी त्या दिवसापुरतंच सांगतात, त्यामुळे पुढे काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला सांगितलं, तळाशी जा, दोराला तीन हिसके दे आणि थांब.

मी तीन हिसके दिले आणि थांबायच्या आत माझे पाय तळावरून सुटले. वर आलो तर मिस्टर हॉलिस केस उपटतोय. तेव्हा कळलं प्रसंग काय आहे. दुष्ट माणूस बोटीवर बसलाय, ओठात सिगारेट, दोर पायाखाली. खालून तीन हिसके येतात आणि तो हलत नाही.

मी काकांकडे पाहिलं नाही. मला वाटलं एकदा होऊन जाऊ दे, मग संपेल. पुन्हा खाली गेलो, पुन्हा वर आलो. असं चार वेळा. मिस्टर हॉलिसने माझ्याकरवी त्यांना समजावलं की हा सिनेमा आहे, पोराला काही होत नाही. काकांनी मान डोलावली, समजलं म्हणाले, आणि पाचव्यांदा मला वर ओढलं.

सहाव्या खेपेला मला पाण्यात उतरवलंच नाही. काकांच्या समोर चार हातांच्या अंतरावर उभं केलं, अंगावर कोरडा शर्ट, हातात कॉफी. दोराचं दुसरं टोक बोटीच्या पलीकडे होडीत बसलेल्या सुताराच्या हातात. काका माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघून हसतोय. सुताराने तीन हिसके दिले. काकांनी असा दोर ओढला की सुतार टोपीसकट पाण्यात.

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. मग काकांचा चेहरा दिसला. त्यांनी ती सिगारेट समुद्रात टाकली, दोराचं वेटोळं नीट करून ठेवलं आणि कुणाशी न बोलता घरी गेले. चार दिवस झाले, धक्क्यावर आले नाहीत. मिस्टर हॉलिस दुसरा माणूस शोधतोय.

मला झोप लागत नाही, ताई. तू काहीतरी लिही.

साकेलारिस

*

पोथिया
२६ एप्रिल १९५३

चि. साकेलारिसला आशीर्वाद, आणि त्याआधी बोलणी.

तुझी अक्कल त्या टोपाबरोबर खुंटीला टांगली होतीस का? ज्या गोष्टीसाठी गावाने त्या माणसाला उठवलं, तीच गोष्ट तू त्याला दिव्यांच्या उजेडात करायला लावलीस, तीही सहा वेळा. पहिल्या खेपेला कळलं होतं ना? मग तिथेच टोप काढून घरी का नाही गेलास? सुतार पाण्यात पडला हे वाचून मला हसू आलं आणि त्याचाही मला राग आला.

रागाच्या भरात मला एक सुचलं, ते लिहिते. त्या दिवशी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर काय झालं हे आपण कुणाकुणाकडून ऐकलं. भांडी घासणाऱ्याकडून, कप्तानाच्या मेव्हण्याकडून, नुसती बोट लांबून पाहिलेल्यांकडून. काकांना कुणी विचारलंय का? मी तरी नाही. तू चार वर्षं त्यांच्या हातचं जेवतोस, तू विचारलंस? जो माणूस कोरड्या शर्टातल्या पुतण्याला बघत असतानाही दोर ओढल्यावाचून राहू शकत नाही, तो तेव्हा बसून राहिला असेल यावर माझा आता विश्वास बसत नाही. जा आणि विचार. जाताना कॉफी घेऊन जा, रिकाम्या हाताने जाऊ नकोस.

आई बरी आहे. ऑक्टोपस रबराचा निघाल्यामुळे तिचा सिनेमावरचा विश्वास उडाला आहे.

राग उतरला की मायेने लिहीन, तोवर हीच माया समज.

थेमेलिना

*

टार्पन स्प्रिंग्ज
१२ मे १९५३

ति. ताईस सा. न.

तुझी बोलणी पोटभर खाल्ली, अंगी लागली. कॉफी घेऊन गेलो. दारातच मिस्टर हॉलिस भेटला, तोही टोपी हातात धरून उभा. त्याला नवा माणूस पसंत पडत नव्हता आणि हा म्हातारा असं का करतो हे त्याला जाणून घ्यायचं होतं. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. मी विचारलं, आणि काका जे बोलले ते मीच मिस्टर हॉलिसला इंग्रजीत सांगत गेलो. 

तीन हिसके आलेच नव्हते, ताई.

वेळ भरली तेव्हा काकांनी वरून दोर हलवला, चल म्हणून. खालून एक लांब हिसका आला. आपल्यात एक लांब हिसका म्हणजे थांब. काकांनी थोड्या वेळाने पुन्हा हलवला. पुन्हा थांब. घड्याळ वरच्याच्या हातात असतं, त्याला वाटलं तर तो न विचारता ओढू शकतो, हे काकांना ठाऊक होतं. पण खाली थोरला भाऊ होता. थोरल्याने दोनदा थांब म्हटल्यावर धाकट्याने कसं ओढायचं? तिसऱ्यांदा काकांनी न विचारता ओढलं, पण तोवर फार उशीर झाला होता. बाबा हसत वर आले. स्पंजांची जाळी इतकी गच्च होती की दोघांनी मिळून उचलली. मग खोल पाण्यात जास्त थांबणाऱ्यांचं वर आल्यावर होतं तेच झालं, आधी पाय गेले, मग बोलणं गेलं, आणि तासाभरात बाबा गेले.

आणि सिगारेट. काकांनी जन्मात पहिली सिगारेट हातात धरली ती मिस्टर हॉलिसच्या सिनेमात.

मी विचारलं, गावात हे का नाही सांगितलं? म्हणाले, वहिनीला जाऊन काय सांगू? की तुझा नवरा मूठभर जास्त स्पंजांसाठी खाली थांबला? माझ्यावर रागावली तर निदान त्याच्यावर रागावणार नाही. आणि ओढायला मी उशीर केला हे खरंच आहे, त्यात गावाचं काही खोटं नाही. हे आईला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली. तुला सांगून मी ती निम्मी मोडली आहे, उरलेली निम्मी तू सांभाळ.

मिस्टर हॉलिसने कॉफी संपवली. मग उठून काकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि गेला. दुसऱ्या दिवशी गोष्टच बदलली. आता दुष्ट माणूस बसून राहतो, राहतो, आणि अगदी शेवटच्या क्षणी सिगारेट टाकून दोर ओढतो. काकांना विचारलं तर म्हणाले, एवढं मला जमेल. मिस्टर हॉलिसने सांगितलं, हिसके आले की मनात दहा आकडे मोजा, मग ओढा. मी खाली गेलो, तीन हिसके दिले. काका दोनपर्यंत पोचले. मिस्टर हॉलिस म्हणाला, पुरे, उरलेले आठ मी कात्रीने भरून काढीन.

ताई, त्या ओढण्यात काय होतं ते मला खाली तळावर कळलं. सगळा धक्का नुसता बघत होता, टाळी वाजवायचंही कुणाला सुचलं नाही.

काकांनी पुढच्या एप्रिलमधल्या बोटीत जागा धरली आहे. आता सगळं तुझ्या हातात.

तुझा, आणि काकांचाही आशीर्वाद,
साकेलारिस

*

पोथिया
१८ जानेवारी १९५४

चि. साकेलारिस यास अनेक आशीर्वाद.

सिनेमा आला. ९ फेब्रुवारीला आपल्या बंदरावर लागतोय. भिंतीवर हातभर मोठं चित्र चिकटवलंय, त्यात तो देखणा नट टोप काखेत घेऊन उभा आहे आणि मागे तुझा रबरी शत्रू. चित्रात त्याला दहा पाय आहेत, मी स्वतः मोजले.

आता सेवास्तीमावशीच्या त्या हसण्याचा उलगडा झाला. पांतेलिसने तिला कळवलं होतं की टोपातला माणूस तोच आहे. टोपात तोंड दिसत नाही ना. परवा पाणवठ्यावर मावशीने सगळ्यांसमोर सांगितलं, माझा मुलगा सिनेमात आहे. लगेच पाद्रीबाबांच्या बहिणीने तिच्या भाच्याचं नाव घेतलं. आता गावात तीन घरं सांगतात की ऑक्टोपसशी झुंजणारा आमचा.

आई गप्प बसली असती तर मी तुला हे लिहिलंच नसतं. बाबा गेल्यापासून ती लग्नाच्या वरातीतही उभी राहिलेली नाही. काळे कपडे घालून सिनेमाघरात पाय ठेवणं म्हणजे तिच्या दृष्टीने गावासमोर नाचणं. पण पाणवठ्यावरून आली ती ताडताड पाद्रीबाबांकडे गेली आणि विचारलं, विधवेने सिनेमा पाहिला तर पाप लागतं का? पाद्रीबाबा म्हणाले, मी स्वतः पुढच्या रांगेत बसणार आहे. तिने घरी येऊन जाहीर केलं की माझ्या पोराची चाल मी समुद्राच्या तळाशीही ओळखते, आणि सेवास्तीच्या तोंडावर ओळखून दाखवीन.

तुला हसू येत असेल. मला घाम फुटलाय. त्याच सिनेमात काकांचे हात आहेत, सिगारेट आहे, पायाखालचा दोर आहे. सगळ्या गावासमोर, अंधारात, आईच्या डोळ्यांपुढे ते येणार. शेवटी काका ओढतात हे मला ठाऊक आहे, पण आई तोवर बसेल का? तिथून उठून गेली तर ईस्टरचं बोलणं कायमचं संपलं. तिला जाऊ नको सांगायला गेले तर म्हणाली, का, पांतेलिस आहे का त्यात?

प्रार्थना कर. मेणबत्ती मी लावतेच आहे.

थेमेलिना

*

पोथिया
९ फेब्रुवारी १९५४

चि. साकेलारिस,

आशीर्वाद वगैरे शेवटी. मला आधी सगळं सांगायचंय.

सिनेमाघरात मुंगी शिरायला जागा नव्हती. कुबड्या आणि काठ्या घेतलेले म्हातारे पाणबुडे पुढे, बायका मधे, पोरं भिंतीला लटकलेली. आई माझ्या आणि सेवास्तीमावशीच्या मधे, डोक्यावरचा काळा रुमाल हनुवटीपर्यंत ओढून. पडद्याखाली अक्षरं येत होती, ती मी आईला वाचून दाखवत होते, मग अर्ध्या लोकांनी मला मोठ्याने वाचायला लावलं.

तू पाण्यात उतरलास. तळावर पाय टेकून दोन पावलं चाललास. आईने मावशीच्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाली, डावा पाय बाहेर टाकतो, बापासारखा.  थोड्या वेळाने मावशीने स्वतःच आईच्या हातात बडीशेपेच्या गोळ्या ठेवल्या. ऑक्टोपस आल्यावर सगळं सिनेमाघर हसलं, पण तू त्याच्याशी असा काही झुंजलास की हसणारेच ओरडायला लागले. पाद्रीबाबा खुर्चीवर चढले होते.

मग ते आलं. बोट, ऊन, दोर पायाखाली. ओठातली सिगारेट त्या नटाची. आणि मग नुसते हात, पडदाभर मोठे. दोर तीनदा हलला.

 साकेलारिस, त्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी ते हात ओळखले. कुणी नाव घेतलं नाही, पण माना एकमेकांकडे वळल्या, आणि मग हळूच मागे, आईकडे. पडद्यावर तू खाली गुदमरतोयस. पुन्हा हात. हलत नाहीत. पुन्हा तू. पुन्हा हात. तुझ्या मिस्टर हॉलिसच्या कात्रीने ते आठ आकडे नाही, आठशे आकडे भरले. मी आईचा हात धरायला गेले तर तो जागेवर नव्हता. ती उभी राहिली होती. मला वाटलं, निघाली.

आई ओरडली, नोमिकोस, ओढ.

वीस वर्षांत तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा आलं आणि ते सगळ्या गावाने ऐकलं.  मग पुढे कुणी काठी आपटली आणि एक म्हातारा ओरडला, ओढ. मग दुसरा. मग सगळे, बायका, पोरं, पाद्रीबाबा, मी, ओढ, ओढ. आणि काकांनी ओढलं. हातावर हात, हातावर हात, अंगातला सगळा जीव लावून. तू पाण्याबाहेर आलास तेव्हा लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. पुढे सोन्याचं काय झालं, मुलगी कुणाला मिळाली, ते कुणालाच ठाऊक नाही.

 घरात शिरल्यावर आईने रुमाल सोडला, खुर्चीत बसली आणि म्हणाली, मालक म्हणे, मला काय खुळी समजता? कोणत्या मालकाने कामावरच्या पोराला दर नाताळात स्वतः विणलेलं जाळं दिलंय, जसं त्याच्या पत्रांतून वाचून दाखवतेस? मग म्हणाली, कागद घे. साकेलारिस, सोबतचं पत्र काकांना दे. त्यांच्यासमोर उघडू नकोस, त्यांना उघडू दे, आणि तू जरा बाहेर जाऊन उभा राहा.

तुझ्यावर माझं प्रेम किती आहे हे आज लिहायची गरज नाही.

थेमेलिनाताई

*

पोथिया
९ फेब्रुवारी १९५४

चि. नोमिकोस यास,
कालोतिनावहिनीचे अनेक आशीर्वाद.

मी सांगते आहे आणि थेमेलिना लिहिते आहे. ती रडते आहे म्हणून अक्षर वाकडं येतंय, माझा त्यात दोष नाही.

तू ओढलंस ते मी पाहिलं. सगळ्या गावाने पाहिलं. सेवास्तीनेही पाहिलं.

मिखालिस खाली थांबला होता हे मला पोरं सांगत नाहीत, तू सांगत नाहीस. तुम्ही सगळे मला काचेची समजता. मी त्या माणसाबरोबर बावीस वर्षं संसार केला. जेवायला हाक मारली की आलोच म्हणायचा आणि ताट गार व्हायचं. नावेला एक शेवटचा खिळा ठोकतो म्हणायचा आणि दिवस मावळायचा. पाण्याखाली तो वेगळा वागला असेल असं मी एक दिवससुद्धा मानलं नाही. तुला थांब म्हणाला असणार, आणि तू त्याचं ऐकलं असणार, कारण लहानपणापासून तू दुसरं काही केलं नाहीस. मी या घरात आले तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास, त्याच्या मागे मागे फिरायचास.

पण मला कुणावर तरी रागवायचं होतं. मेलेल्यावर रागावले असते तर त्याच्यासाठी रडायला कुठे गेले असते? तू जिवंत होतास आणि गप्प होतास, म्हणून तुझ्यावर रागावले. ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं आणि तरी मी ते सोडलं नाही. हा माझा अपराध आहे. तो मी कबूल करते, आणि थेमेलिनाला सांगितलंय की हे वाक्य गाळायचं नाही.

दिवा लावायला ये. बोट बंदरात दुपारी लागते. ड्रोसोस तुला घ्यायला येईल, आता तो माझा जावई आहे, भट्टी चालवतो, जाडा आहे, लगेच ओळखशील. मीही आले असते, पण मला स्वयंपाक आहे. माया होती, ती मी इतकी वर्षं झाकून ठेवली होती, आता झाकण काढलंय.

आणि एक लक्षात ठेव. दारात उभं राहून आत येऊ का असं विचारू नकोस. आपल्याच घरात यायला कुणी विचारत नाही.

कालोतिना